दोनच शब्द बोलायचे होते

त्या रात्री माझ्या भावासोबत रानात गेलेल्या चौघांना,

वाडीतल्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तुमची घरं आहेत. गेल्या सात महिन्यांत मी तीनदा तुमच्या खळ्यात येऊन बसले आणि तिन्ही वेळा चहा, काजूचा दर, मुलांच्या परीक्षा एवढंच बोलून उठले. तुम्हीही विषय काढला नाहीत. समोर बसून जे तोंडातून निघालं नाही, ते आता लिहिते आहे. छापायला देते आहे, कारण सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत तुमच्यासारखे चौघे असतात आणि माझ्या भावासारखा एक पाचवा असतो.

बार सुटला, म्हणून हे पत्र लिहीत नाही. हे आधीच सांगते, कारण तुमच्या घरच्या बायका मला टाळतात त्या याच समजुतीने. कापणीला आलेलं भात डुकरं एका रात्रीत कसं लोळवतात, ते मी आमच्याच कुणग्यात पाहिलं आहे. पहाटे आई बांधावर बसून राहिली होती, एक शब्द बोलली नव्हती. राखणीला जाणारा माणूस हौसेने जातो असं मी कधी म्हणणार नाही. वनखात्याची परवानगी, पंचनामा, भरपाईचे अर्ज हे सगळं होईपर्यंत शेतात काही उरत नाही, हेही मला मान्य आहे. आणि काळोखात, दवाने ओल्या झालेल्या साकवावरून मागच्याचा पाय घसरला, घोडा चढवलेली बंदूक त्याच्या हातात होती, बार पुढच्याच्या गुडघ्यामागे बसला. त्यात कोणाचं वैर नव्हतं. माझ्या भावानेही शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हेच उच्चारलं, “तेका काय बोलू नको.”

बार सुटला अकरा वाजून वीस मिनिटांनी. माझ्या दवाखान्याच्या दारात तुमची गाडी आली तीन वाजून पन्नास मिनिटांनी. अंतर अठरा किलोमीटर. माझं बोलणं आहे ते या साडेचार तासांबद्दल.

मी रात्रपाळीला होते. तुम्हा चौघांच्याही मोबाइलमध्ये माझा नंबर आहे. पोराला ताप आला की तुम्ही मला रात्री दोनला उठवता, आणि मी उठते. त्या रात्री फोन वाजला नाही. गाडीतून उतरल्यावर तुमच्यातले थोरले, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, ते म्हणाले, “गो बाय, माडार चढललो, थयसून पडलो. बांबूचो खुटो घुसलो पायात.” एवढ्या रात्री माडावर कोण चढतं, हे विचारण्याइतकंही भान मला नव्हतं. मी चादर बाजूला केली. जखमेच्या कडा काळ्या होत्या, आत काथ्याचे तुकडे होते, आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास येत होता. वीस वर्षं या नोकरीत आहे. डॉक्टर माझ्या मागे उभे होते. “बार लागलाय,” हे दोन शब्द शेवटी मी बोलले. माझ्याच भावाबद्दल, तुम्ही चौघं बाजूला उभे असताना.

मग डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला? तुमच्यातला एक म्हणाला, “आताच. तासभर.”

त्या उत्तराने काय होऊ शकलं असतं, ते तुम्हाला अजूनही माहीत नाही, म्हणून सविस्तर सांगते. रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं इंजेक्शन आहे. महाग नाही, माझ्या कपाटात होतं. जगभरच्या वीस हजारांहून जास्त जखमींवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत ते दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. तीन तास उलटून गेल्यावर दिलं तर त्याच मृत्यूंचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे ‘तासभर’ या तुमच्या एका शब्दावर विश्वास ठेवून आम्ही जे औषध देणार होतो, ते त्याला अपायकारक ठरलं असतं. मी सिरिंज भरत होते. तेवढ्यात भाऊच डोळे मिटलेल्या अवस्थेत पुटपुटला, “अकरा... अकरा वाजले होते.” मी भरलेली सिरिंज बाजूला ठेवली. अजून रात्री झोपेत माझ्या हाताला ती सिरिंज जाणवते.

त्या साडेचार तासांत काय झालं ते मी नंतर भावाकडून तुकड्या-तुकड्याने ऐकलं. पहिला तासभर तुम्ही त्याला शेतातल्या मांगरात ठेवलंत, रक्त थांबेल म्हणून. जखमेवर पंचा गुंडाळलात, सैल. तो भिजला तसा दुसरा गुंडाळलात. मग कोणीतरी गुडघ्यावरच नायलॉनची दोरी करकचून बांधली. पाणी मागत होता म्हणून पाणी दिलंत, आणि दुखणं कमी व्हावं म्हणून थोडी पाजलीतही. एक जण घरी जाऊन कपडे बदलून आला. एक जण पलीकडच्या गावातल्या ‘माहीतगारा’ला फोन लावत होता, पोलिसांचं काय करायचं विचारायला. बंदुका लपवल्या गेल्या. हे सगळं होत असताना तो मांगराच्या जमिनीवर पडून होता आणि त्याच्या पायाचा अंगठा थंड पडत चालला होता. त्याला ते कळत होतं. त्याने तुम्हाला सांगितलंही होतं, “माझो पाय माका लागना नाय.”

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो. ते थांबवायला त्या क्षणी दवाखाना लागत नाही, हात लागतात. स्वच्छ कापडाचा बोळा करून तो जखमेच्या आत, जिथून रक्त येतं तिथेच दाबून भरायचा आणि दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार टाकून, दाबून धरायचा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. तेवढ्याने भागत नसेल, रक्त उसळतच असेल, तर जखमेच्या वर, मांडीवर, चार बोटं रुंद कापडी पट्टा बांधायचा. पंचा चालतो, लुंगी चालते. त्यात दांडकं घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचं. सांध्यावर बांधायचं नाही, दोरी वापरायची नाही. दोरी कातडीत रुतते आणि आतली धमनी तशीच वाहत राहते. बांधल्याची वेळ लक्षात ठेवायची, पोहोचल्यावर डॉक्टरांना तीच सांगायची, आणि मध्येच पट्टा सैल करायचा नाही. दुखेल, माणूस ओरडेल, ओरडू द्यायचा. पोटात पाणी, दारू, काही नाही, कारण पुढे भूल द्यावी लागते. अंगावर काहीतरी उबदार घालायचं. रक्त गेलेला माणूस थंड पडला की रक्त नीट गोठत नाही. छर्रे बोटाने काढायचे नाहीत. एवढंच. हे मी तुम्हाला वाडीच्या देवळासमोर अर्ध्या तासात शिकवलं असतं. तुम्हा चौघांचे मिळून आठ तळवे होते तिथे.

आणि १०८. महाराष्ट्रात ही गाडी २०१४पासून फिरते आहे, पैसे पडत नाहीत, आत डॉक्टर असतो. साडेअकराला फोन लागला असता तर साडेबारापर्यंत तो माझ्या समोर असता आणि तीनच्या आत गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पोहोचला असता. प्रत्यक्षात तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते.

गुडघ्यामागची धमनी तुटली की खालच्या पायाला रक्त मिळत नाही. स्नायू असे साधारण सहा तास तग धरतात, पुढे ते मरू लागतात. तिथल्या सर्जननी मला बाहेर बाकावर बसवून हे समजावलं, मी नर्स आहे हे माहीत असूनही. त्या वेळी मी बहीणच होते. ते म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात ही धमनी तुटलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी दर चौघांतल्या जवळपास तिघांचे पाय कापावे लागले होते, कारण तेव्हा तुटलेली धमनी नुसती बांधून टाकत. पुढे कोरियाच्या युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने लवकर आणायला लागले आणि धमनी शिवायला लागले, तेव्हा हातापायाच्या मोठ्या धमन्या तुटलेल्यांमध्ये अवयव गमावणारे आठात एकावर आले. म्हणजे पाय वाचवायची विद्या सत्तर वर्षांपूर्वीच माणसाच्या हाती आली आहे. ती आमच्यापासून दोन तासांच्या रस्त्यावर होती. सर्जन म्हणाले, “तुम्ही चार तास आधी आला असता तर मी शिवून बघितलं असतं.” तुम्ही, असंच म्हणाले ते. मी मान हलवली.

पाय मांडीतून गेला. उजवा. जखमेत व्हाळाचा चिखल आणि काथ्या खोलवर गेला होता, त्यामुळे ती चिघळली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. डाव्या पायात अकरा छर्रे घुसले होते. मांसातले तसेच ठेवले, शरीर त्यांना सांभाळून घेतं. पण एक गुडघ्याच्या सांध्यात होता, तो काढला, कारण सांध्यातल्या पाण्यात शिसं हळूहळू विरघळून रक्तात उतरतं. शिसं, हेसुद्धा आम्ही धरून चाललो. बारात नक्की काय भरलं होतं, हे तिथल्या डॉक्टरांनी दोनदा विचारायला लावलं. शिशाचे छर्रे असतील तर पुढे एमआरआय करता येतो. कोणी लोखंडाचे तुकडे, बेअरिंगच्या गोळ्या ठासतात. त्या आत असतील तर त्या यंत्राच्या चुंबकाने हलतात. मी तुमच्यातल्या एकाला फोन केला. “माका काय म्हायत नाय,” असं उत्तर आलं. हे उत्तर द्यायला तुम्ही कोणाला भीत होता? पंचनामा तोवर झाला होता.

भीती मला कळते. शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. बंदूक ज्यांच्या नावावर होती ते वारून नऊ वर्षं झाली आणि परवाना कोणी आपल्या नावावर करून घेतला नव्हता. दुसऱ्या बंदुकीला तर परवाना कधी नव्हताच. १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, ती आपल्यासारख्या शेतकऱ्यांसाठीच. ती वापरली नाही, हा आपला आळस. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेफिकिरीने बंदूक चालवून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं खरं आहे. तुम्ही मांगरात बसून मोजत होता ती ही वर्षं. पण तो वारला असता तर? निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत आहे. शिवाय पुरावा लपवल्याचा गुन्हा वेगळा. तुमच्याच हिशेबाने बघितलं तरी जो पळत दवाखान्यात आला असता तो कमी अडकला असता.

त्या रात्री वाटेत तुम्ही बाजारातल्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेला होता, हे मी विसरलेले नाही. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि “पोलीस केस आहे, इथे नको” म्हणून दार लावून घेतलं. तेवढ्यापुरता माझा राग तुमच्यावर नाही, त्यांच्यावर आहे. त्यांचं नाव घेत नाही. त्यांना एवढीच आठवण करून देते की १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो अशाच एका बंद दारावरून. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरवाल्याला जवळच्या इस्पितळाने घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या, पोलीस केस घेणाऱ्या इस्पितळात पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. न्यायालयाने सांगितलं, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम आहे. एक नोंद, एक फोन. तो फोन केला म्हणून कोणत्याही डॉक्टरला कोणी फाशी देत नाही.

सरकारकडेही माझं एक मागणं आहे. रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला उचलून आणणाऱ्याला २०१९पासून मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. रानातल्या जखमीला आणणाऱ्याला ते लागू नाही. बार लागलेल्या माणसाला जो सरळ दवाखान्यात आणेल आणि खरं सांगेल, त्याच्या बाजूने कायद्यात काहीतरी लिहिलेलं असावं. बंदूक हाताळायच्या प्रशिक्षणाची तरतूद २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. ते प्रशिक्षण आमच्या वाडीपर्यंत यावं, आणि त्यात जखम दाबायची कशी हेही असावं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी चार दिवस थांबले.

दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यानंतर तुमच्यातला एक, माझा चुलतभाऊ, रात्री मागच्या दाराने माझ्याकडे आला होता. दंडात तीन छर्रे. “ताई, दवाखान्यात नको.” मी चुलीवर पाणी उकळलं, चिमटा उकळला, छर्रे काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी आणून टोचलं, कुठे नोंद केली नाही. आईने सगळ्यांना भाकरी वाढली. तुम्ही चौघं पडवीत बसून हसत होता, माझा भाऊही. त्या रात्री मी तुम्हाला शिकवलं की हे घरात मिटतं. मांगरात तुम्ही जे केलंत त्याची सुरुवात माझ्या चुलीपाशी झाली होती. हे मी भावाला सांगितलं. तो काही बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तुमच्यावरचा माझा राग याने कमी होत नाही, पण तो सांगताना हे लपवलं असतं तर मीही तुमच्यासारखीच ठरले असते.

आणि तू, सगळ्यात धाकटा, ज्याच्या हातून बार सुटला. तू बावीस वर्षांचा आहेस. तू आमच्या घरावरून जात नाहीस, वरच्या वाटेने फिरून जातोस, ते मी पडवीतून बघते. मला तुझ्या आईने सांगितलं की त्या रात्री तू एकटाच “ताईक फोन करूया” म्हणत होतास आणि मोठ्यांनी तुला गप्प केलं. हे ऐकल्यापासून तुझ्यावर माझा राग उरलेला नाही. पण घोडा चढवून साकवावर जायचं नसतं, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. ठासणीची बंदूक काडतुसाच्या बंदुकीसारखी उघडून रिकामी करता येत नाही. दारू, काथ्या, छर्रे गजाने ठासले की बार नळीतच राहतो, कधी कधी आठ-आठ दिवस, खुंटीला टांगलेल्या अवस्थेत, खाली पोरं खेळत असताना. म्हणून जे करायचं ते केपेचं, घोडा जिच्यावर आपटून बार पेटतो त्या टोपीचं. साकव, गडगा, दरड, काहीही ओलांडायचं असेल तर केप उतरवायची, घोडा खाली घ्यायचा, नळी कोणाच्या पाठीकडे नाही अशी धरायची. केप सावज समोर दिसल्यावरच चढवायची, आणि दिसल्यावर म्हणजे पूर्ण दिसल्यावर. झुडूप हललं, डोळे चमकले, एवढ्यावर नाही. झुडपामागे काजू वेचणारी बाई असते, आपलाच सोबती असतो. आमच्याकडे ये. तो तुझी वाट बघतो. जयपूरहून पाय बसवून आणायचा आहे, तेव्हा सोबत कोण येणार म्हणून त्याने तुझंच नाव घेतलं.

थोरल्या काकांना एकच विचारायचं आहे. पोलिसांनी नेली ती ज्यातून बार सुटला ती बंदूक. दुसरी, बिनपरवान्याची, तुम्ही व्हाळापलीकडच्या बांबूच्या बेटात ठेवलीत, असं भाऊ सांगतो. तिच्यातला बार उडवलेला नव्हता. पावसाळा तोंडावर आहे. श्रावणात वाडीतली पोरं त्याच बेटाखाली अळंबी शोधत फिरतात, तुमचा नातूही त्यांच्यात असतो. भिजलेली दारू वाळते. तुम्ही तिला हात लावू नका, ठाण्यात जाऊन जागा दाखवा. हवं तर मी तुमच्यासोबत येते, सकाळी नऊला दवाखान्यातून सुटते. फक्त एवढं आज कळवा, काका: ठेवताना तिची केप काढली होती का?

तुमची,
त्याची थोरली बहीण